वाळवंटातला टोळ आणि व्हाळातली मेफ्लाय



विज्ञानाच्या तासाला ‘अनुकूलन’ हा भाग आला की वाळवंटातला प्राणी म्हणून उंट आणि पाण्यातला प्राणी म्हणून मासा ही दोन उदाहरणे ठरलेली असतात. उत्तरपत्रिका तपासताना आम्हाला तीच ती वाचावी लागतात. त्यात चूक काही नाही. पण उंट आणि मासा मुळातच इतके वेगळे आहेत की त्यांच्या तुलनेतून हाती फारसे लागत नाही. एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या मुलखांत जाऊन राहिले, तर मुलखाने कोणाला किती बदलले हे नीट कळते. म्हणून या अंकात आम्ही दोन्ही उदाहरणे कीटकांतूनच घेतली आहेत. एक आहे वाळवंटी टोळ, आणि दुसरी आपल्या व्हाळातल्या दगडाखाली राहणारी मेफ्लाय.

दोघांनाही सहा पाय आहेत. दोघांचेही शरीर डोके, वक्ष आणि उदर अशा तीन भागांचे आहे. आणखी एक साम्य महत्त्वाचे आहे. फुलपाखरासारखा कोष दोघेही करत नाहीत. अंड्यातून पिल्लू निघते, ते कात टाकत टाकत वाढते आणि शेवटी त्याला पंख येतात. यालाच आपण अपूर्ण रूपांतरण म्हणतो. इथपर्यंत दोघांची गोष्ट एकच आहे. पुढचे सगळे मात्र पाण्याने ठरवले आहे : एकाला ते मिळत नाही, दुसरी त्यातून बाहेर येत नाही.

हा फरक किती आहे ते आधी पाहू. राजस्थानात जैसलमेरला वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे कॅसलरॉकच्या बाजूला जुलै महिन्यात एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. टोळाचे घर म्हणजे आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान ते आपल्या थरपर्यंत पसरलेला कोरडा पट्टा. मेफ्लायचे घर म्हणजे डिग्गीच्या डोंगरातून निघून कारवारला समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीला येऊन मिळणारे असंख्य व्हाळ.

टोळ आपल्या मुलांनी पाहिलेला नाही, आणि तो न दिसलेलाच बरा. २०२० च्या मे महिन्यात मात्र त्याचे नाव घरोघरी झाले होते. त्या वर्षी पाकिस्तानातून राजस्थानात आलेल्या झुंडींना शेतात हिरवे फारसे सापडले नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर त्या मध्य प्रदेशात गेल्या आणि तिथून विदर्भात उतरल्या. अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या संत्र्याच्या बागांवर रात्री फवारणी करावी लागली. कर्नाटकातही उत्तरेकडच्या जिल्ह्यांना सावध केले होते, पण झुंडी इथवर आल्या नाहीत. शेजारच्या तमिळनाडूत कृष्णगिरीकडे रुईच्या झाडांवर रंगीबेरंगी नाकतोडे दिसले आणि टोळधाड आली अशी एकच घबराट उडाली. ते रुईवर जगणारे निराळेच नाकतोडे होते. नाकतोडा दिसला की टोळ म्हणू नये, एवढे त्या वेळी पुष्कळांना कळले.

एक जुनी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळी, १९०१ ते १९०८ च्या दरम्यान, या इलाख्यात टोळांचा मोठा उपद्रव झाला होता. तो वाळवंटी टोळ नव्हता. त्याला ‘बॉम्बे लोकस्ट’ असेच नाव पडले होते. पणजोबांच्या तोंडची टोळधाडीची आठवण कोणाच्या घरात अजून सांगितली जात असेल, तर ती बहुधा या दुसऱ्या टोळाची असावी.

वाळवंटी टोळ वजनाला साधारण दोन ग्रॅम असतो आणि दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतका हिरवा पाला खातो. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. लहानशी झुंडसुद्धा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांना पुरेल एवढे अन्न फस्त करते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. वाऱ्याची साथ मिळाली की झुंड दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जाते. १९८८ साली तर पश्चिम आफ्रिकेतले टोळ अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटांवर जाऊन पोहोचले होते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हाच टोळ एरवी एकटा राहणारा, मातीच्या रंगाचा, रात्री उडणारा साधा कीटक असतो. झुंडीतला टोळ पिवळा वा गुलाबी आणि दिवसा उडणारा, म्हणून पूर्वी या दोन वेगळ्या जाती समजत असत. टोळांच्या बाबतीत ही एकाच जातीची दोन रूपे असतात, हे बोरिस उवारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडले. बदल होतो कसा? पाऊस पडून वाळवंटात थोडे हिरवे उगवले की टोळ वाढतात. ते सुकू लागले की उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर सगळे दाटीवाटीने जमतात आणि एकमेकांचे पाय एकमेकांना लागू लागतात. मागच्या मांडीला सतत स्पर्श होत राहिला की काही तासांतच टोळाचे वागणे बदलते, तो इतरांना टाळण्याऐवजी त्यांच्याकडे ओढला जातो. या वेळी त्याच्या शरीरात सेरोटोनिन हे द्रव्य वाढते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हेच द्रव्य माणसाच्या मेंदूतही असते. मागच्या बाकावर दाटीने बसलेल्या मुलांचे वागणे का बदलते याचे उत्तर मात्र आम्ही यात शोधत नाही.

आता व्हाळाकडे वळू. मेफ्लाय हे नाव इंग्रजी आहे, आपण तेच वापरू. मार्च-एप्रिलमध्ये पाणी घोट्याएवढे झाले की खळखळत्या जागेतला तळहाताएवढा दगड हळूच उचलून उलटा करा. ओल्या दगडावर काहीतरी चपटे, करड्या रंगाचे, खेकड्यासारखे आडवे सरकताना दिसेल. मागे दोन किंवा तीन बारीक शेपट्या असतील आणि उदराच्या दोन्ही बाजूंना पानांसारख्या पातळ पाकळ्या असतील. हेच मेफ्लायचे पिल्लू. त्या पाकळ्या म्हणजे त्याचे कल्ले.

ते इतके चपटे का, हा प्रश्न सहलीला गेलेल्या मुलांनी आम्हाला विचारला होता. उत्तर व्हाळातच मिळते. प्रवाहात बोट धरले तर पाण्याचा जोर लागतो. पण दगडाच्या अगदी पृष्ठभागालगत, केसाएवढ्या जाडीच्या थरात, पाणी जवळजवळ संथ असते. पिल्लू अंग दगडाला चिकटवून, नखांनी पकड घेऊन याच थरात बरेचसे लपते. दगडावरचे शेवाळ ते तोंडाच्या ब्रशासारख्या भागांनी खरवडून खाते. तुम्ही व्हाळात ज्या शेवाळावरून घसरून पडता, तेच त्याचे जेवण.

श्वासाची तुलना सर्वांत मजेची आहे. टोळाला नाकही नाही आणि फुप्फुसेही नाहीत. वक्षावर दोन आणि उदरावर आठ अशा श्वसनरंध्रांच्या दहा जोड्या त्याच्या कुशींना असतात. तिथून हवा बारीक नळ्यांतून सरळ शरीराच्या कानाकोपऱ्यात जाते. मग ‘नाकतोड्याचे डोके पाण्यात बुडवले तर तो गुदमरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. (कोणी प्रयोग करू नये. उत्तर ‘नाही’ असे आहे.) या रंध्रांना झडपा असतात. कोरड्या हवेत त्या मिटून टोळ आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. मेफ्लायच्या पिल्लात हवेच्या नळ्या तशाच आहेत, पण त्या बाहेर उघडत नाहीत. कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाण्यात विरघळलेला प्राणवायू आत जातो. डबक्यात राहणाऱ्या जाती कल्ले हलवून पाणी खेळते ठेवतात. खळखळत्या पाण्यातल्या काही जातींना कल्ले हलवताच येत नाहीत, कारण ते काम प्रवाह करतो. अशा पिल्लाला संथ पाण्याच्या बाटलीत ठेवले तर ते थोड्या वेळात मरते. मुले कौतुकाने बाटलीत भरून आणतात आणि घरी पोहोचेपर्यंत सगळी मेलेली असतात, त्याचे कारण हे.

पाण्याचा हिशेबही असाच उलटा आहे. टोळाच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ऊन लागूनही पाणी उडून जात नाही. त्याची विष्ठा कोरड्या गोळ्यांसारखी असते, कारण आतड्याच्या शेवटच्या भागात उरलेसुरले पाणी परत शोषून घेतले जाते. शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा तो युरिक आम्लाच्या रूपात जवळजवळ कोरडाच बाहेर टाकतो. मादी अंडी घालायला ओलसर वाळू शोधते. उदर ताणून दहा सेंटिमीटरपर्यंत खोल नेते, अंड्यांचा पुंजका तिथे ठेवते आणि वर फेसाचे बूच लावते. ती अंडी आजूबाजूच्या वाळूतून पाणी शोषून फुगतात. पाणी मिळाले नाही तर त्यांतून पिल्लू निघत नाही. म्हणून वाळवंटात पाऊस कुठे पडला हे पाहून टोळ कुठे होतील याचा अंदाज बांधता येतो. २०१८ साली मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला. तिथे वाढलेल्या टोळांच्या पुढच्या पिढ्यांनीच २०२० चे संकट आणले.

मेफ्लायच्या पिल्लाला पाण्याची चणचण नाही, उलट ते जास्तच होते. गोड्या पाण्यात क्षार कमी आणि शरीरात जास्त, त्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहते आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. म्हणून ते पातळ मूत्र भरपूर टाकते. कचरा अमोनियाच्या रूपात तसाच पाण्यात सोडते. तो धुऊन जातो, साठवायची गरज नसते. गमावलेले क्षार परत मिळवण्यासाठी त्याच्या त्वचेवर आणि कल्ल्यांवर खास पेशी असतात. त्या आजूबाजूच्या पाण्यातून क्षार ओढून घेतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

पंखांबाबत थोडेच सांगतो. टोळाचा मागचा पंख जपानी पंख्यासारखा मिटतो आणि पुढच्या चिवट पंखाखाली सुरक्षित राहतो. मेफ्लायला पंख पाठीवर आडवे मिटता येत नाहीत, ते उभेच राहतात. ही फार प्राचीन ठेवण आहे, आणि चतुर व टाचणी सोडून आज इतर कोणत्याही कीटकगटात ती टिकलेली नाही. मेफ्लायचे आणखी एक वेगळेपण आहे. पंख आल्यानंतर ती पुन्हा एकदा कात टाकते. असे करणारा दुसरा कीटक आज नाही. पंख आलेली मेफ्लाय काही खात नाही, तिचे तोंड खाण्याच्या उपयोगाचेच राहिलेले नसते. काही तास, फार तर एक-दोन दिवस ती जगते. एवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी पाण्यात सोडायची. टोळाचे आयुष्य साधारण तीन ते पाच महिन्यांचे असते आणि त्यात पंख आल्यावरच तो खरा खादाड होतो. मेफ्लायचे उलट : खाणे, वाढणे सगळे पाण्यात होऊन जाते. पंख फक्त निरोप घ्यायला.

प्रवासही उलट दिशेचा आहे. टोळ वाऱ्याबरोबर जातो. वारे जिथे येऊन भिडतात तिथे पाऊसही पडतो, म्हणून वाऱ्याबरोबर जाण्यातच त्याचा फायदा आहे. व्हाळातली पिल्ले रात्री दगड सोडून थोडी थोडी खाली वाहत जातात. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले तर वरचे व्हाळ रिकामे व्हायला हवेत, पण ते होत नाहीत. पंख आलेल्या माद्या प्रवाहाच्या विरुद्ध वर उडत जाऊन अंडी घालतात आणि त्यामुळे तूट भरून निघते, असे स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल म्युलर यांनी १९५४ साली मांडले. नंतरच्या अभ्यासांत काही ठिकाणी हे दिसले, काही ठिकाणी दिसले नाही. मादीला पाणी ओळखता येते ते त्यावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकाशामुळे. काळा, चकचकीत डांबरी रस्ताही तसाच प्रकाश परत पाठवतो. १९९८ साली हंगेरीतील संशोधकांनी दाखवून दिले की नदीकाठच्या अशा रस्त्यांवर मेफ्लाय फसून अंडी घालतात.

इथे पालकांनी आणि विश्वस्तांनी थोडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. टोळाबाबत सरकार जागरूक असते. टोळांची सूचना देणारी यंत्रणा आपल्या देशात १९३९ पासून आहे. टोळ आला की आरडाओरडा होतो, मेफ्लाय गेली की कोणालाच कळत नाही. आपल्याकडच्या अनेक वाड्यांत व्हाळाचेच पाणी पाइपने घरी येते. त्या पाण्यात काय मिसळले आहे हे सांगणारी प्रयोगशाळा आपल्या हाताशी नाही. पण दगडाखाली हे चपटे पिल्लू आहे. ज्या पेशी पाण्यातून क्षार ओढतात, त्याच पेशींना पाण्यातले विषही आधी भिडते. टोळासारखे मेणाचे चिलखत तिथे नाही. म्हणून जगभर नदीची तब्येत तपासताना मेफ्लायची पिल्ले मोजतात. व्हाळाचा वरचा भाग आणि वस्तीच्या खालचा भाग यांची तुलना केली तर पुष्कळ समजते. मात्र पिल्ले दिसली म्हणजे पाणी न उकळता प्यावे असे नव्हे. रोगजंतू या कीटकांना मारत नाहीत, माणसाला मारतात.

आमच्या पाहण्यातली एक घटना सांगतो. एका व्हाळाच्या कोंडीत कोणीतरी मासे धरण्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकली. मासे वर आले, लोकांनी नेले. चार दिवसांनी आम्ही मुलांना घेऊन त्याच व्हाळावर ठरलेल्या पाहणीसाठी गेलो. कोंडीच्या वर दगडादगडाला पिल्ले होती. कोंडीच्या खाली आम्ही तास-दीड तास दगड उलटत होतो, एकही मिळाले नाही. शेवाळ मात्र लांब केसांसारखे वाढू लागले होते, कारण खरवडणारे कोणी उरले नव्हते. एका मुलीने विचारले, “सर, खालच्या वाडीचे पाणी इथूनच जाते ना?” जात होते. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा खालच्या दगडांवर थोडी पिल्ले दिसली. वरून वाहत आली असतील किंवा उडून आलेल्या माद्यांनी अंडी घातली असतील. वरचा भाग शाबूत होता म्हणून हे झाले.

दुसरी गोष्ट बागायतदारांसाठी. सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारावेच लागते, ते मारू नका असे आम्ही म्हणणार नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे त्याचे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे. पण मोरचुदात तांबे असते, आणि चपट्या मेफ्लायला तांबे फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही. पिंप, बादल्या आणि पंप व्हाळात नेऊन धुण्याऐवजी ते पाणी बागेतच, व्हाळापासून दूर ओतले तर खर्च काहीच नाही. काजूवर मारायच्या कीटकनाशकांचे तर सांगायलाच नको. ती कीटक मारण्यासाठीच बनवलेली आहेत, आणि झाडावरचा कीटक कोणता व पाण्यातला कोणता हे त्यांना ओळखता येत नाही.

धरणाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय आपल्या तालुक्यात पुरा होत नाही. सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि जुने सुपा गाव, ज्याच्या नावाने हा तालुका ओळखला जात असे, पाण्याखाली गेले. माणसे उठून दुसरीकडे वसली. त्या खोऱ्यात वाहते पाणी होते तिथे आता खोल, संथ पाणी आहे. खळखळत्या पाण्याच्या मेफ्लाय तिथे राहू शकत नाहीत. त्यांचा पत्ता आता जलाशयाच्या वरच्या अंगाचे छोटे व्हाळ हाच आहे.

या उन्हाळ्यात सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीचा व्हाळ पाहून एक वही तयार करावी. नियम थोडेच आहेत. मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या व्हाळांत उतरू नये. वस्तीच्या वर दहा दगड आणि वस्तीच्या खाली दहा दगड उलटावेत, दगड साधारण सारख्या आकाराचे घ्यावेत. पिल्ले मोजावीत, शेपट्या दोन की तीन ते लिहावे, चित्र काढावे. बाटलीत भरून काही आणू नये. दगड पालथा होता तसाच पुन्हा त्याच जागी ठेवावा, कारण खालची बाजू वर राहिली तर त्यावरची पिल्ले उघडी पडतात. संध्याकाळी पडवीतल्या दिव्याखाली लांब शेपट्यांचा आणि उभ्या पंखांचा कीटक बसलेला दिसला तर तारीख व वेळ टिपून ठेवावी. वह्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्याव्यात. सगळ्या वाड्यांचे आकडे मिळून एक नकाशा करायचा आहे, आणि तो वाचनालयाच्या भिंतीवर लावायला जागा आम्ही आधीच मागून ठेवली आहे.